खोडछाप

वैजयंती नलावडे गेल्या तेव्हा त्यांची मुलगी केतकी उशाशी होती. एकोणीस दिवस ती दवाखान्यातून हलली नव्हती. त्यामुळे आईच्या बाबतीत आपल्याला कळायचं काही राहिलं आहे, असं तिला वाटलं नाही. आई गेल्याच्या पंचविसाव्या दिवशी चंद्रपूरहून पत्र आलं आणि त्या समजाला तडा गेला.

पत्र लिहिणारीचं नाव सम्यका मेश्राम. वय सव्वीस, दातांच्या कवळ्या घडवणाऱ्या एका प्रयोगशाळेत नोकरी. काकू गेल्याचं कळल्यापासून हातून एक दात सरळ बसत नाही, असं तिने लिहिलं होतं. या काकू म्हणजे केतकीची आई. त्या नऊ वर्षं इंटरनेटवर ‘गवतीचहा’ या टोपणनावाने एक कथा लिहीत होत्या. एकाहत्तर प्रकरणं झाली होती, वाचणारे अठरा हजार होते आणि बहात्तरावं, शेवटचं प्रकरण राहून गेलं होतं. ते पुरं करण्यासाठी वारस म्हणून ताईंची संमती हवी होती.

केतकीने पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा, ते चुकून आपल्याकडे आलं असावं म्हणून. दुसऱ्यांदा, ते चुकून आलेलं नाही म्हणून. तिसऱ्यांदा त्यातल्या ‘काकू’ या शब्दासाठी. तो अकरा वेळा आला होता.

आई जपानी चित्रमालिका बघते हे तिला माहीत होतं, जसे आईचे गुडघे दुखतात हे माहीत होतं. साताऱ्याच्या दूध संघात तेहतीस वर्षं दुधातली फॅट मोजून निवृत्त झालेल्या बाईला दुपार घालवायला काहीतरी हवंच. ‘सात दिव्यांचं बेट’ असं त्या मालिकेचं नाव. एकशे बारा भाग, वर तीन चित्रपट आणि एक व्हिडिओ गेम. त्या बेटावरचा एकेक दिवा विझला की समुद्रावर गेलेलं एकेक माणूस बेटावरच्यांच्या आठवणीतून पुसलं जातं. हानाए नावाची मुलगी ते दिवे राखते. तिला लहानपणापासून जेवू घालणारी योने ही होडीवरची स्वयंपाकीण. त्रेसष्टाव्या भागात होडी बुडते, आणि पुढे योनेचं नावही कुणी काढत नाही.

चाहत्यांमध्ये एक रीत असते. मूळ लेखकाने ज्या पात्राला वाऱ्यावर सोडलं, त्याची गोष्ट आपण पुढे न्यायची. त्याचं पुस्तक होत नाही, नाव होत नाही. लिहायचं ते निव्वळ मायेपोटी. आईने योनेला बुडू दिलं नव्हतं. नऊ वर्षं तिला समुद्रावर जगवलं होतं.

केतकी पुण्यात राहायची आणि वर्तमानपत्रांत पुस्तकांची परीक्षणं लिहायची. मराठीत कोण काय लिहितंय हे विचारायला लोक तिच्याकडे यायचे. तिची आई काय लिहिते, हे चंद्रपूरच्या एका मुलीला ठाऊक होतं.

सम्यका साताऱ्याला आली ती हातात संत्राबर्फीचा पुडा घेऊन. चपला काढल्या, फोटोला नमस्कार केला आणि कुणी न सांगता सरळ मागच्या खिडकीशी गेली. इथून अजिंक्यतारा दिसतो म्हणाल्या होत्या काकू, दिसतो की, असं म्हणून तिने डोळे पुसले. चहाला बसली तेव्हा विचारलं, चिमूटभर मीठ घातलं का; काकू घालायच्या ना. केतकीने चाळीस वर्षं त्या घरचा चहा प्यायला होता. मिठाचं तिला माहीत नव्हतं.

बोलता बोलता कळलं ते असं. नऊ वर्षांत आईने लिहिलेलं प्रत्येक प्रकरण आधी सम्यकाने वाचलं होतं. सम्यका स्वतः लिहायची त्या गोष्टी आईने तपासल्या होत्या, आणि तपासणं म्हणजे मुख्यतः खोडणं. ‘अश्रूंचा महापूर’ काकूंनी खोडला नसता तर मी अजून त्याच पुरात असती, असं सम्यका म्हणाली आणि एकटीच हसली. आईचा रिपोर्ट आला तो कुठल्या दिवशी, हेही तिला माहीत होतं. केतकीच्या आधी पाच आठवडे.

“तुला सांगितलं तिने?”

“हो ना, त्याच दिवशी. म्हणाल्या, केतूला दिवाळी झाल्यावर सांगीन. तिची कामं चालू आहेत.” सम्यकाने कप खाली ठेवला. “तुम्हाला वाईट वाटलं का, ताई?”

केतकी म्हणाली, नाही. आणि संत्राबर्फी फ्रीजमध्ये ठेवायला उठली, कारण चेहरा कुठेतरी न्यायला हवा होता.

सम्यकाचं मागणं खोडछापेचं होतं. तो शब्द तोवर घरोघरी झाला होता. माणूस काय लिहितो यापेक्षा काय लिहून पुसतो, यावरून तो अधिक अचूक ओळखता येतो, असं दहा-बारा वर्षांपूर्वी दिसून आलं होतं. लिहिलेले शब्द चारचौघांचे असतात, पण बोट कुठे थबकलं, किती वेळ थबकलं, किती अक्षरं मागे गेलं आणि पुसलेल्या जागी काय आलं, ही चाल ज्याची त्याची. फोनचे नवे कळफलक या चालीची नोंद ठेवतात आणि बहुतेक जण न वाचता त्याला होकार देतात. एका माणसाच्या आठ-दहा लाख खोडण्या हाती आल्या, की यंत्राला एकच गोष्ट फार चांगली जमू लागते. समोर कुठलाही मजकूर ठेवा. या माणसाने त्यातलं काय खोडलं असतं ते यंत्र दाखवतं. स्वतः ते एक ओळही लिहीत नाही. मेलेल्यांच्या आवाजात बोलणारी यंत्रं कायद्याने बंद झाली होती. खोडणारं यंत्र मात्र कायद्यात बसत होतं.

बहात्तरावं प्रकरण सम्यकाने आपल्या अंदाजाने लिहून काढलं होतं. त्यावर तिला काकूंचा हात फिरवून हवा होता, बस.

संमती द्यायला केतकीने तीन आठवडे लावले. नकार द्यायला कारण सापडेना. खरं कारण होतं ते कागदावर लिहिण्यासारखं नव्हतं. शेवटी पुण्याच्या खोडछाप केंद्रात दोघी भेटल्या. तिथल्या तंत्रज्ञ इनामदारबाई, पन्नाशीच्या, शांत. त्यांनी सांगितलं की छाप तयार झाल्यावर जुळवणी करावी लागते. यंत्र चाळीस परके उतारे खोडून दाखवतं आणि गेलेल्या माणसाला जवळून ओळखणाऱ्या कुणा एकाने ते बघून बरोबर की चूक ते सांगायचं. सम्यकाने पिशवीतून चष्मा काढला. हे आपणच करणार असं ती धरूनच चालली होती.

“जुळवणी मी करीन,” केतकी म्हणाली.

“पण ताई, तुम्ही काकूंचं काही वाचलंच नाही ना.”

“मी तिची मुलगी आहे.”

सम्यकाने चष्मा परत ठेवला.

केतकीने दोन दिवस मन लावून काम केलं. आई तिला पाठ होती. पाल्हाळ आईला खपायचा नाही, मायेचे शब्द तर त्याहून नाही. उताऱ्यात कुणी कुणाला उराशी धरलं आणि यंत्राने ते ठेवलं, की केतकी ‘चूक’ म्हणायची. कुणी आठवणीने व्याकूळ झालं, की चूक. चाळीस उतारे संपले तेव्हा एखाद्या पुस्तकाचं वर्म नेमकं सापडल्यावर होतं तसं समाधान तिला झालं.

आठवड्याने सम्यकाचा फोन आला. चार हजार शब्दांच्या प्रकरणाचे नऊशे उरले होते. कोण आलं, कोण गेलं, काय शिजलं, एवढंच त्यात होतं. दूध संघाचा रिपोर्ट वाचल्यासारखं वाटून राहिलं, असं ती म्हणाली. तिचा आवाज रडण्याच्या पलीकडे गेला होता.

“या काकू नाहीत, ताई.”

“माझी आई हीच आहे,” केतकी म्हणाली. फोन ठेवल्यावर क्षणभर तिला बरं वाटलं. लगेच त्या बरं वाटण्याची लाज वाटली. पण आधी बरंच वाटलं.

इनामदारबाईंनी तिला बोलावून घेतलं. यंत्रात बिघाड नाही, म्हणाल्या. पडद्यावर त्यांनी दोन आकडे दाखवले. माणूस सगळ्यांसाठी सारखं खोडत नाही. साहेबासाठी वेगळं खोडतो, शेजाऱ्यासाठी वेगळं. समोर वाचणारा बदलला की छाप बदलते. म्हणून जुळवणी करणारा कोण, याला एवढं महत्त्व. वैजयंतीबाई सम्यकाला शंभर शब्द लिहीत तेव्हा सात खोडत. केतकीला शंभर लिहीत तेव्हा ब्याऐंशी.

“तुम्ही जुळवणी अचूक केलीत. तुमच्यासमोर त्या अशाच होत्या,” बाई म्हणाल्या.

केतकीने विचारलं, याचा अर्थ ती माझ्याशी खोटं बोलायची का. बाईंनी मान हलवली. खोटं नाही, मोजून बोलायच्या. त्यांनी आणखी एक आलेख काढला. नऊ वर्षांपूर्वीपर्यंत केतकीसाठीचा आकडा तीसच्या आसपास होता. मग एका ऑक्टोबरात तो एकदम वर चढला आणि पुन्हा खाली आला नाही. त्या सुमारास काही झालं होतं का, असं बाईंनी सहज विचारलं. केतकी म्हणाली, आठवत नाही.

आठवत होतं. ती साताऱ्याला आली होती. आईने दुपारचं ताट तसंच ठेवलं होतं आणि आज होडी बुडाली, योने गेली, असं काहीतरी सांगत होती, दोन्ही हातांनी, तोंडावर एक विलक्षण तेज घेऊन. केतकीच्या हातात परीक्षणाचं पुस्तक होतं. तिने मान वर न करता म्हटलं होतं, आई, पन्नाशी उलटली तुझी. कार्टूनमधली बाई बुडाली म्हणून जेवण टाकतेस? आई हसली होती. ताट पुढे ओढून घेतलं होतं. त्याच आठवड्यात गवतीचहाचं पहिलं प्रकरण आलं होतं.

वारसाला एक हक्क होता. गेलेल्या माणसाने त्याला लिहिलेल्या निरोपांतला खोडलेला भाग त्याला उघडून वाचता येई. दुसऱ्या कुणाच्या नावचा नाही. केतकीने सही केली आणि सगळं घरी आणलं. मनात कुठेतरी तिला खात्री होती की त्यात माया असेल, आजवर न मिळालेली, घट्ट साठवलेली, सम्यकापेक्षा ब्याऐंशीच्या हिशेबाने जास्त.

तसं काही नव्हतं. त्यात बेट होतं. ‘पोचलीस का’ एवढ्या निरोपामागे दीड पान होतं, तिसऱ्या चित्रपटात दिव्यांची वात वेगळ्या रंगाची का दाखवली यावर. ‘गॅसचा नंबर लावलास का’ याच्यामागे गेममध्ये होडी कशी वळवायची ते, आणि मला काल जमलं केतू, सतराव्यांदा जमलं. ‘बरं’ याच्यामागे योनेला समुद्रावर भेटलेल्या आंधळ्या नावाड्याचा अख्खा जन्म. आई नऊ वर्षं आधी तिलाच सांगायला बसत होती. मग खोडत होती. मग सम्यकाकडे जात होती.

शेवटून दुसरा निरोप दवाखान्यात भरती होण्याच्या आदल्या दिवसाचा. लिहायला चाळीस मिनिटं लागली होती, खोडायला अकरा सेकंद. गेला होता तो निरोप एवढाच, की उद्या येताना माझा नवा चष्मा आण. खोडलेलं असं होतं:

‘केतू, तू एवढी पुस्तकं वाचतेस म्हणून विचारते. योने शेवटी बेटावर पोचते. पण तिचा दिवा विझलाय, म्हणून हानाए तिला ओळखत नाही. योने काही सांगत नाही. तिथल्याच स्वयंपाकघरात कामाला लागते, हानाएला रोज जेवू घालते, आणि गोष्ट संपते. सम्यकाला विचारलं तर ती छानच म्हणेल. तू खरं सांगशील. हा शेवट होतो का? की हा भित्रेपणा आहे?’

केतकीने ते दोनदा वाचलं. मग तिच्या लक्षात आलं, की सम्यकाकडे एकाहत्तर प्रकरणं आहेत आणि हे नाही.

केतकीने नव्या जुळवणीला होकार दिला आणि सम्यका पुण्याला आली. या वेळी चाळीस उतारे तिच्यासमोर ठेवले गेले आणि केतकी बाजूच्या खुर्चीवर बसली. ब्याऐंशीचा आकडा, एकेका निरोपाला लागलेला वेळ आणि केतकीने खोडलेलं घरी नेलं हे इनामदारबाईंकडून सम्यकाला कळलं होतं. दुपारी कँटीनमध्ये तिने डोशाचे तुकडे केले, पण खाल्ले नाहीत.

“माझ्याशी बोलताना त्यांना विचारच करावा लागत नव्हता, ताई. वाटेल ते लिहून द्यायच्या. मला वाटायचं, म्हणजे मी जवळची.” ती थांबली. “तुमच्यासाठी जपून लिहायच्या ना. चाळीस-चाळीस मिनिटं.”

केतकीने त्या वाक्याची चव घेतली. इतक्या आठवड्यांत पहिल्यांदा कुणाच्या तरी पोटात दुखत होतं आणि ते पोट तिचं नव्हतं.

मग सम्यकाने, ताकाला जाऊन भांडं न लपवता, सरळ विचारलं. “शेवटाबद्दल काही लिहिलं होतं का त्यांनी? तुमच्या त्या खोडलेल्यात? मी नुसता अंदाज करून राहिली आहे.”

“नाही,” केतकी म्हणाली.

सम्यकाने मान डोलावली. तिला शंका आली नाही, आणि तेच केतकीला नंतर पुष्कळ दिवस टोचत राहिलं.

बहात्तरावं प्रकरण प्रसिद्ध झालं. सम्यकाच्या शेवटात योने हानाएसमोर उभी राहते आणि आपलं नाव सांगते. दिवा पेटतो, हानाएला सगळं आठवतं. वाचकांनी आठवडाभर रडून घेतलं. ब्राझीलमधल्या एका शिक्षिकेने त्याचं भाषांतर केलं. गवतीचहाच्या नावाखाली बारीक अक्षरांत सम्यकाचं नाव होतं.

सगळी चुकीच्या शेवटावर रडताहेत आणि खरा शेवट फक्त आपल्याकडे आहे, या विचारात पहिले काही दिवस केतकी मजेत होती. मग ती मजा अडखळायला लागली. शेवट तिच्याजवळ होता, गोष्ट नव्हती. हा शेवट होतो का, असं विचारलं होतं, आणि न वाचलेल्या पुस्तकावर मत देणाऱ्यांची तिने स्वतः छापील खिल्ली उडवली होती.

तिने पहिल्या भागापासून सुरुवात केली. रोज दुपारी जेवताना दोन भाग. आधी वैतागली. माणसं फार किंचाळतात, समुद्र फार निळा आहे, हानाए डोळ्यांत न मावणारे अश्रू ढाळते. अठराव्या भागाला जेवण गार झालं ते कळलं नाही. त्रेसष्टाव्याला होडी बुडाली, पुढच्या भागात सगळे उत्सवाच्या तयारीला लागले, आणि केतकी जपानमधल्या न पाहिलेल्या लेखकावर संतापून घरभर फिरली. सांगायला कुणी नव्हतं. मालिका संपल्यावर तिन्ही चित्रपट पाहिले. गेममध्ये तिची होडी एकविसाव्यांदा वळली. मग गवतीचहाची एकाहत्तर प्रकरणं, पेन्सिल हातात घेऊन. काही जागी गद्य ढिलं होतं. काही जागी असं होतं की तिने परीक्षणं लिहिलेल्या कित्येक नावाजलेल्यांना ते साधलं नसतं, आणि ते लिहिलं जात असताना ती फोनवर गॅसचा नंबर लावल्याचं सांगत होती.

तीन महिने झाले. तिचं मत तयार झालं. ते तसं झालं नसतं तर तिला आवडलं असतं. आईचा शेवट कच्चा होता. त्या कवळ्या बनवणाऱ्या मुलीचा बरोबर होता.

रविवारी सकाळी तिने चंद्रपूरला फोन लावला.

“सम्यका, मी तुला खोटं सांगितलं होतं.”

तिने सगळं सांगितलं. पलीकडे पंखा फिरल्याचा आवाज येत होता. मग सम्यका म्हणाली, वाचून दाखवा. केतकीने वाचलं. अजून एकदा, ती म्हणाली. केतकीने पुन्हा वाचलं, ‘सम्यकाला विचारलं तर ती छानच म्हणेल’ हेही न गाळता.

“तीन महिने ठेवलं तुम्ही हे.”

“हो.”

“माझ्यावर जळून होत्या?”

“अजून आहे.”

“मी पण,” सम्यका म्हणाली. आणि मग, बारीक आवाजात, “म्हणजे माझा शेवट चुकला.”

“नाही. तुझाच बरोबर आहे. आईचा भित्रा आहे.”

“भित्रा?” आवाज एकदम चढला. “असं कसं म्हणता, ताई? कुणी ओळखत नाही अन् तरी रोज चूल पेटवायची, याला छाती नाही लागत? मला हे सुचलंच नाही. मी आपली दिवे पेटवून बसली.”

“तिने बोलायला हवं होतं. हानाए काही लहान राहिली नव्हती. तिला झेपलं असतं.”

“हानाएने विचारलं होतं का कधी? एक्केचाळिसाव्या भागात योने एवढा घाट घालून वाढते, ही बया दिव्यांची वही वाचत जेवते. मान वर करून बघत नाही, ताई. एकदासुद्धा नाही.”

केतकीने फोन दुसऱ्या कानाला लावला.

“अठ्ठावन्नाव्यात बघते,” ती म्हणाली.

“कुठे बघते? मी तो सहा वेळा पाहिला.”

“योने भांडी घेऊन वळल्यावर. पाठमोरी असताना. दोन सेकंद बघते.”

“नाही बघत.”

“लाव,” केतकी म्हणाली. “मीही लावते. फोन ठेवू नकोस.”